गोष्टीतली उंच बाई

प्रिय ठमे,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली, आणि अक्षर असं की कोणीतरी पाठीमागे लागलंय. मी ते आधी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. प्रबंध सोडून देते, वीस तारखेला सामान बांधून येते, इथल्या शाळेत मिळेल ती नोकरी धरते आणि यापुढे मला एकटीला राहू देत नाही, असा तुझा हुकूम आहे. पाच वर्षांचं काम, तोंडी परीक्षेला सहा आठवडे उरलेले, आणि ते सगळं तू टाकून येणार, कारण काय तर आई आजारी आहे. आईला तिचं मत विचारायची पद्धत आपल्या घरात कधी नव्हतीच म्हणा, तरी या वेळी मी न विचारता देते आहे. फोनवर द्यायचं नाही असं ठरवलं. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि दुसरं म्हणजे फोनवर मी फार पटकन खोटं बोलते. हाताने खोटं लिहायचं तर शाई वाळेपर्यंत त्याच्याकडे बघत बसावं लागतं.

आधी खालच्या टेलरकाकूंचा विषय संपवते. त्यांनी तुला सांगितलं की तुझी आई पायात चपला घालून, दारात खुर्ची टाकून झोपते, टेबलावर काठोकाठ भरलेला पेला ठेवून त्यातलं पाणी हलतंय का बघत बसते, आणि पुस्तकबांधणीच्या खोलीचं कुलूप तिने कित्येक महिने काढलेलं नाही. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, फक्त ते मागच्या वर्षीचं आहे. काकूंचं काम तुला माहीत आहे, माप एका वर्षी घेतात आणि कपडा पुढच्या वर्षी देतात. बातमीचंही तसंच झालं. त्यांच्यावर चिडू नकोस. मीच त्यांना शपथ घातली होती की तुला काही कळवायचं नाही, आणि त्या बाईने तेरा महिने तोंड शिवून ठेवलं. त्यांच्या स्वभावाला ते किती जड गेलं असेल याचा विचार कर. एकदा टाका उसवल्यावर सगळंच बाहेर आलं, त्यात तारखा मागेपुढे झाल्या.

आज मी पलंगावर झोपते, अनवाणी, आणि सकाळी खालच्या शिलाई मशिनच्या आवाजाने उठते. भूकंपानंतर घर तपासणाऱ्यांनी दारावर पिवळा कागद चिकटवला होता, म्हणजे दिवसा आत जा पण झोपायला थांबू नका. गवंड्यांनी मागची भिंत नव्याने बांधल्यावर तो निघाला आणि हिरवा लागला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला तडा भरला, पण रंग काही जुळला नाही, त्यामुळे तिथे एक फिकट रेघ राहिली आहे. गवंडी म्हणाला, पुन्हा रंगवून देतो. मी म्हटलं राहू दे, दिसू दे. बांधणीची खोली सहा महिन्यांपूर्वी उघडली. वाचनालयाची दोनशे पुस्तकं दुरुस्तीला आली आहेत आणि मदतीला दोघी येतात. त्यातली एक इतकी बोलते की तिच्या हातून एक आख्खा फर्मा, सोळा पानांची घडी, शिवायचाच राहतो, आणि सोळाव्या पानानंतर एकदम तेहेतिसावं पान येतं. मी ओरडते, ती हसते, मग दोघी मिळून उसवतो. म्हणजे बघ, इथे चांगलं चाललं आहे. तू यावंस असं आजारपण माझ्याकडे उरलेलं नाही.

तुझा प्रबंध मला पुरता कळतो असा माझा दावा नाही. पण कादंबऱ्यांमधल्या काळ्या बायका काय काय करतात हे तू दुसऱ्या प्रकरणात लिहिलं आहेस ते वाचून मी एकटीच मोठ्याने हसले होते. त्या दार उघडतात, चहाचा ट्रे आणतात, गोऱ्या मुलीचे केस विंचरतात, तिला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगतात आणि तिचं लग्न ठरलं की मरून जातात. चाळीस वर्षं मी असली पुस्तकं शिवते आहे आणि माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तिसरं प्रकरण तर मला पाठच आहे, कारण त्यात मी आहे. तू पाच वर्षांची असताना दुपारी जेवण झाल्यावर कागद कापायच्या टेबलावर बसवून मी तुला गोष्टी वाचून दाखवायचे. एकदा वाचता वाचता पुढच्या ओळीत 'काळी कुरूप स्वयंपाकीण' आली. तुझा रंग तुझ्या बाबांचा, आणि तू माझ्या दंडाला टेकून बसली होतीस. माझी जीभ आपोआप वळली आणि मी वाचलं, 'उंच स्वयंपाकीण.' त्यानंतर आपल्या घरात सगळ्याच उंच झाल्या. उंच चेटकीण, उंच मोलकरीण, उंच दाई. नऊ वर्षांची झाल्यावर तू ते पुस्तक स्वतः वाचलंस आणि ते घेऊन स्वयंपाकघरात आलीस आणि विचारलंस, यातली उंच बाई कुठे गेली? मी म्हटलं, छापखान्याची चूक असेल. तू प्रबंधात लिहिलं आहेस की माझ्या आईने छापील अपमान स्वतःच्या जिभेवर अडवला. ते वाक्य मी टेलरकाकूंना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी गळ्यातल्या टेपने डोळे पुसले. मला मात्र ते वाक्य वाचताना प्रत्येक वेळी कुठेतरी खुपायचं. का खुपतं ते तेव्हा कळत नव्हतं.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. भूकंप दुपारी झाला, जेवायच्या वेळेला. तेव्हा फोनवर मी एवढंच म्हणाले की मी ठीक आहे, घराला तडे गेलेत, आणि घडीमावशी गेली. तू मावशीसाठी खूप रडलीस. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायला ती आपल्याकडे अठरा वर्षं येत होती, तुला तिनेच कागदाच्या होड्या करायला शिकवल्या. ती कशी गेली हे तू विचारलंस आणि मी म्हटलं, भिंत पडली. कुठली भिंत हे तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. मागच्या पुठ्ठ्यांच्या खोलीची भिंत. मी पुढच्या खोलीत टेबलाशी बसून जेवत होते, माझ्या डोक्यावरचं छत शाबूत राहिलं. ती मागे होती, कारण ती तिथे जेवायची. बाबा होते तोवर आम्ही तिघं एकाच टेबलावर जेवायचो, त्यांच्या गप्पा, त्यांचे विनोद. बाबा गेल्यावर पंधरवडाभराने ती आपला डबा घेऊन मागे जाऊन बसली. का ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिला वाटलं असेल की आता मालकीणबाई एकट्या आहेत, त्यांना आवडेल न आवडेल. आणि मला, ठमे, खरं लिहिते, मला ते सोयीचं वाटलं. मी तिला मागे पाठवलं नाही हे खरं आहे. सहा वर्षांत एकदाही पुढे बोलावलं नाही हेही तितकंच खरं आहे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मदतकेंद्रातून निरोप आला की शाळेत मन मोकळं करायला माणसं बसवली आहेत, ज्यांची झोप उडाली असेल त्यांनी यावं. टेलरकाकूंनी मला जवळजवळ ढकलतच नेलं. तिसरीच्या वर्गात लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, आणि एक छापील तक्ता भरायचा: गेल्या पंधरा दिवसांत भूक कमी झाली का, दचकायला होतं का, असे दहा प्रश्न. मी दहाही ठिकाणी 'नाही' लिहिलं आणि चहा प्यायले. तेवढ्यात एक बाई हातात फडकं घेऊन आत आली आणि बाकं पुसायला लागली. काळीसावळी नव्हे, काळी. बाबांचे आजोबा ज्या बोटीतून मजुरीला इथे आणले गेले त्याच बोटीतून आलेल्या लोकांच्या वंशातली असावी, म्हणजे बाबांच्याच लोकांतली, मावशीच्या लोकांतली, तुझ्यासारखी. मी माझा रिकामा कप तिच्या हातात दिला आणि विचारलं, बाई कधी येणार आहेत? तिने कप घेतला, बाहेरच्या नळावर नेऊन विसळला, पालथा घातला, परत आली, माझ्या समोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "आल्या. बोला."

मी उठून घरी आले. तिची माफीसुद्धा मागितली नाही. ज्या बाईने एका काळ्या माणसाशी तेवीस वर्षं संसार केला, ज्या बाईची मुलगी याच विषयावर प्रबंध लिहिते आणि त्यात आईला एक आख्खं प्रकरण देते, त्या बाईने काळी बाई दिसताच हातातला उष्टा कप पुढे केला. मला तोंडात मारल्यासारखं झालं. टेलरकाकूंनी तुला सांगितलं ते सगळं त्यानंतरच्या चार महिन्यांतलं. खुर्ची, चपला, पेला. लोकांना वाटत होतं मी धक्क्यांना घाबरते. धक्क्यांना घाबरत होतेच, पण मागच्या खोलीच्या दिशेला पाठ करून मला झोपताच येत नव्हतं, आणि तिकडे तोंड करूनही येत नव्हतं. तू फोनवर विचारायचीस जेवलीस का, मी म्हणायचे हो. जेवण समोर ठेवून उठायचे, हे म्हणायचे नाही.

परत गेले ती काकूंमुळेच. त्यांनी सरळ सांगितलं की तुम्ही येत नसाल तर मी मुलीला कळवते, आणि तू प्रबंध सोडून धावत येशील या भीतीने मी चपला शोधायचीही गरज न पडता निघाले, कारण त्या पायातच होत्या. समुपदेशक असं तिच्या दारावर लिहिलं होतं, पण तो शब्द कोणाच्या तोंडात बसेना, त्यामुळे सगळ्या बायका तिला ऐकणारी म्हणतात. ऐकणारीने मला ओळखलं आणि काहीच दाखवलं नाही. शेवटी मीच म्हटलं, त्या दिवशी कप दिला होता ती मी. ती म्हणाली, "ठाऊक आहे. कप विसळले नाहीत तर मुंग्या होतात." मी वाट बघत होते की ती आता म्हणेल, जाऊ द्या, चुकून झालं. ती तसं म्हणाली नाही. तिने जाऊ दिलं नाही आणि धरूनही ठेवलं नाही, फक्त विचारलं की तुम्ही काम काय करता. मी म्हटलं, पुस्तकं शिवते. पुढच्या गुरुवारी त्या वर्गात शाळेच्या पडलेल्या वाचनालयातली साठ-सत्तर फाटकी पुस्तकं रचून ठेवलेली होती, आणि बाकांवर टेलरकाकूंसकट पाच बायका दाभण आणि दोरा कसा धरायचा ते मला विचारायला बसल्या होत्या.

ही तिची पद्धत. समोरासमोर बसवून विचारलं की बायका म्हणतात सगळं बरं आहे. हात कामात असले आणि नजर खाली असली की तोंड आपोआप सुटतं. कोणी शिवतं, कोणी पुठ्ठ्याला खळ लावतं, एकजण मोठ्याने वाचते. चष्मा आणि सवय दोन्ही माझ्याकडे, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. आणि तिसऱ्या गुरुवारी ढिगातून ते पुस्तक निघालं. तीच आवृत्ती, तीच चित्रं, आपल्या घरच्या प्रतीवर खळ सांडली होती ना, तेच पुस्तक. मी वाचायला लागले आणि 'काळी कुरूप स्वयंपाकीण' जवळ आली. समोर ऐकणारी खाली मान घालून फर्मा शिवत होती. माझी जीभ पुन्हा वळली, मी वाचलं, उंच. वर्गातली कोणीतरी म्हणाली, चित्रात तर काही उंच दिसत नाही. मग मी थांबले, मागे गेले आणि जसं छापलं होतं तसं वाचलं. सगळं. तीन पानं ती बाई नुसता स्वयंपाक करत होती, राजाला वाढत होती, राणीला वाढत होती, ओरडा खात होती. टेलरकाकू दातात दोरा धरून म्हणाल्या, "का हो, ही बाई एवढं रांधते, ती स्वतः जेवते कधी?" सगळ्या हसल्या. आणि मी म्हटलं, मागच्या खोलीत. एकटी.

त्यापुढे मी पुस्तकातलं काही वाचलं नाही. मावशीचं सगळं सांगितलं, पहिल्यांदा, त्या पाच बायकांसमोर आणि ऐकणारीसमोर. मला वाटत होतं कोणीतरी म्हणेल की तुमची काय चूक, भूकंप काय तुम्ही आणलात. बाहेर सगळे तसंच म्हणत होते आणि त्याने माझं तोंड अजूनच बंद व्हायचं. ऐकणारीने एकच विचारलं, त्या दिवशी मावशीच्या डब्यात काय होतं? आणि मला सांगता येईना. माझ्या ताटात काय होतं ते मला आठवत होतं, कुठला तुकडा हातात होता तेही. तिच्या डब्यात काय असतं ते मी सहा वर्षांत पाहिलंच नव्हतं. मी तेव्हा जी रडले, ठमे, तशी बाबांच्या वेळीही रडले नव्हते. काकूंनी मशिनला घालायच्या तेलाचं फडकं डोळे पुसायला दिलं, त्यामुळे मी तोंड काळं करून घरी आले असं त्या अजून सगळ्यांना सांगतात. त्या रात्री मी चपला काढल्या. एका दिवसात बरी झाले असं समजू नकोस, पेला पुढे दोन महिने होता. पण चपला त्या दिवशी निघाल्या.

मग मी मावशीच्या बहिणीकडे गेले. ऐकणारीने जा म्हटलं नव्हतं, मीच विचारलं जाऊ का, तर म्हणाली, स्वतःला हलकं करायला जाणार असाल तर थांबा, तिला काही सांगायला जाणार असाल तर जा. मी आणखी महिना थांबले. बहीण शिड्या आणि बादल्या विकणाऱ्या दुकानाच्या वर राहते, जिना असा अरुंद की दोघांना एकमेकांना ओलांडून जाता येत नाही. मी सगळं सांगितलं, कुठली भिंत, ती तिथे का होती, मी काय केलं नाही. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली की तिला मागे खिडकीचा वारा लागायचा, म्हणून ती तिथे बसायची, ती स्वतःच घरी तसं सांगायची. मला कळेना की हे खरं, की माझ्यावर दया. ऐकणारीला विचारलं तर म्हणाली, दोन्ही असेल. बहिणीने मला जेवायला थांबवलं. आम्ही एका टेबलावर जेवलो आणि तिने मावशीच्या डब्यात काय काय असायचं ते सांगितलं. आता महिन्यातून एकदा जाते. तिला मी फारशी आवडत नाही, पण वाढताना हात आखडत नाही. तेवढं मला पुरतं.

आता तुझं तिसरं प्रकरण मला का खुपत होतं ते सांगते. तू मला फार चांगली करून टाकलं आहेस. मी अपमान अडवला, खरं, पण मी त्या बाईलाच पुसून टाकलं ग. सगळ्या गोष्टींमधल्या काळ्या बायका मी उंच केल्या, म्हणजे तू पाच वर्षांची असताना तुझ्यासारखी दिसणारी एकही बाई तुला माझ्या तोंडून ऐकू आली नाही, वाईट नाही आणि चांगलीही नाही. 'कुरूप' गाळायचा आणि 'काळी' ठेवायचा, तेवढंच करायचं होतं. मला ते सुचलं नाही. मलाही ते दोन शब्द एकच वाटत होते, आणि ज्या हाताने मी पान उलटलं त्याच हाताने वीस-बावीस वर्षांनी कप पुढे केला. प्रकरण अर्धं झालं आहे, बाळा. ते खोटं नाही, अर्धं आहे. उरलेलं अर्धं या पत्रात आहे. कप, डबा, मागची खोली, सगळं वापर. आईची लाज म्हणून गाळू नकोस, एकदा गाळून काय होतं ते आपण दोघींनी पाहिलं आहे.

आणि आता मुद्द्याचं. गेले पाच महिने मी ऐकणारीच्या हाताखाली शिकते आहे. दर गुरुवारी नव्या बायका येतात, त्यांच्याजवळ मी बसते, दोरा ओवून देते आणि ऐकते. मला गप्प बसायला शिकवणं हा तिच्या नोकरीतला सगळ्यात अवघड भाग होता असं ती म्हणते. तिने शिकवलेली एक गोष्ट अशी की खरी गोष्ट माणूस दारात सांगतो. तासभर छपराविषयी बोलेल, पत्र्यांविषयी बोलेल, आणि चप्पल घालता घालता, पाठ फिरवून, जे सांगायला आला होता ते एका वाक्यात सांगून टाकेल. तेव्हा त्याला जाऊ द्यायचं नाही. तुझं पत्र मी तिसऱ्यांदा वाचलं ते तसं वाचलं. चार पानं माझ्याविषयी, माझी झोप, माझं जेवण, माझं एकटं राहणं. आणि सही झाल्यावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात: "तसंही परीक्षक बाई म्हणाल्या ते खरंच असेल, तिसरं प्रकरण म्हणजे संशोधन नाही, घरची रडकथा आहे, आणि मी एवढ्यात इथे कोणाशी बोलत नाही म्हणून कोणाला काही कळणारही नाही." ठमे, मी दहा प्रश्नांना दहा वेळा 'नाही' लिहून आलेली बाई आहे. मला हे अक्षर ओळखू येतं. तू माझ्यासाठी येत नाहीस. तिथे तुला लागलं आहे, आणि माझं नाव पुढे करून तू घरी पळून येते आहेस.

म्हणून हे पत्र. तू येऊ नकोस, मी येते. रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे, सोमवारी दुपारी पोहोचते, आणि परतीचं काढलेलं नाही. बांधणीची खोली त्या बडबडीवर सोपवली आहे, वाचनालयाचं देव बघून घेईल. प्रकरण ठेवायचं, बदलायचं की काढायचं, परीक्षक बाईंना काय उत्तर द्यायचं, हे सगळं तुझं तू ठरव, त्यात मी ब्र काढणार नाही. ऐकणारीकडे मी तेवढं शिकले आहे. बोलावंसं वाटलं तर बोल, नाही वाटलं तर मी शिवायला काहीतरी आणते आहे, तू दोरा धर. तोंडी परीक्षेच्या दिवशी ते लोक बाहेरच्या माणसाला आत बसू देत असतील तर मी शेवटच्या ओळीत बसेन, नसतील देत तर दाराबाहेर. खोली आवरत बसू नकोस. आणि तुला माझी काळजी घ्यायची होती ना, तर मी येतेच आहे. तिथेच घे.

तुझीच,
आई